गव्याच्या पायातले पांढरे मोजे

रंगपेटी : वाचकांचे प्रश्न, ड्रॉइंगच्या बाईंची उत्तरं

या खेपेला टपालात नुसते प्राणीच प्राणी. शाळांनी मोठे पुतळे करायचे, मुलांनी ते रंगवायचे आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी फाटकापाशी उभे करायचे, असं वारं आपल्या भागात आलेलं दिसतंय. खानापूरपासून निपाणीपर्यंतची पत्रं आहेत. लांबली होती ती थोडी कापली आहेत.

बाई, आमची शाळा जांबोटीच्या बाजूला. एका माजी विद्यार्थ्यानं उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारखान्यातून फायबरचा गवा करून दिलाय. खांद्यापाशी पाच फूट उंच, पांढराफेक. पाचवी ते सातवी मिळून साठेक मुलं आहेत. चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत. मी गणित शिकवते आणि हेही माझ्याच गळ्यात आलंय. सुरुवात कुठून करू?
— शिक्षिका, खानापूर तालुका

गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडलंय हे बरंच झालं. निदान मापं तरी नीट घेतली जातील.

रंगाचे डबे इतक्यात आणू नका. गवा व्हरांड्यात उभा करा आणि मुलांना चार-सहा दिवस त्याच्याभोवती फिरू दे, हात लावू दे. मग कोऱ्या कागदावर 'गवा काढा' म्हणून सांगा. बहुतेक मुलं म्हैस काढतील. शिंगं मागे वळलेली, अंग काळं, पायही काळे. तुमच्याकडच्या पोरांनी गवा पाहिलेला असतो, पण रात्रीचा, भातात शिरलेला, बॅटरीच्या उजेडात आणि पळता पळता. तेव्हा एखाद्याच्या आजोबांना शाळेत बोलवा. गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरट असतात, मोजे घातल्यासारखे. शिंगं पिवळसर, टोकांना काळी. कपाळ राखी. मानेमागून पाठीवर उंच कणा निघतो आणि पाठीच्या मध्यावर एकदम संपतो. त्याला गवा रेडा म्हणत असले तरी तो गाईच्या कुळातला. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास आणि वजनाला १००० किलोपर्यंत जातो. म्हणजे तुमचा पाच फुटी गवा अजून वयात यायचाय, हे पोरांना सांगा, आवडेल त्यांना.

एवढं लांबण लावायचं कारण असं की मी पाहिलेले बरेचसे रंगवलेले प्राणी आतून गायब झालेले असतात. पोटावर सूर्योदय, पाठीवर धबधबा, मानेवर 'झाडे लावा'. खाली हत्ती आहे की पाण्याची टाकी, कळत नाही. आपल्याकडे बेंदराला बैल सजवतात ते बघा. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, टोकांना शेंब्या, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, अंगावर रंगाचे ठसे. एवढं सगळं चढवून खिलारी खिलारीच दिसतो, उलट चार पावलं जास्त ऐटीत चालतो. कारण सजवणाऱ्याला शिंग कुठं वळतं आणि वशिंड कुठं चढतं हे ठाऊक असतं. तो ठशासाठी जागा शोधतो, डोळा नि नाकपुडी सोडून देतो.

तुमच्या मुलांकडे विषय तयार आहे. कापणीच्या आधी रात्री राखण असते, माळ्यावर बसतात, डबे वाजवतात. गव्याचं काळंभोर अंग हीच रात्र धरा. पाठीच्या उंच कण्यावरून डोंगराची कड, खाली बॅटऱ्यांचे पिवळे झोत, कुशीवर भाताची लोंबी, पोटाखाली बेडूक नि खेकडे. पाय मात्र पांढरेच ठेवायचे. हे मी सुचवते आहे, पण माझं ऐकून तसंच करू नका. मुलांना विचारा. याहून चांगलं काहीतरी निघेल.

आता तुमचं गणित. गव्याला कुशी दोन, शिवाय पाठ आणि पोट. मुलं एकाच बाजूचं चित्र काढतात आणि दुसरी बाजू ऐनवेळी उरकतात. म्हणून दोन्ही कुशींची आणि वरून दिसणाऱ्या पाठीची बाह्यरेषा काढून झेरॉक्स वाटा. चित्र ठरलं की कागदावर अर्ध्या इंचाची चौकट आखा, गव्यावर खडूनं पाच इंचांची. पोटाशी आल्यावर चौकटी वाकड्या होतील, ओळी जुळणार नाहीत. तेव्हा पोरांना सुतळी द्या आणि बसू द्या जुळवत. सपाट कागद गोल अंगावर बसत नाही हे फळ्यावर शिकवायला तुम्हाला दोन तास लागले असते.

पाच फुटी जनावराभोवती एका वेळी आठ-दहाच मुलं उभी राहू शकतात. गट पाडा : शिंगवाले, पाठवाले, कुशीवाले, पोटवाले. पोटवाल्यांत सगळ्यांना जायचं असतं, कारण आडवं पडून रंगवायला मिळतं. तिथं पाळी लावा.

रंगाआधीचं काम मात्र मोठ्यांचं आहे. फायबर साच्यातून सुटावं म्हणून साच्याला मेण लावतात, ते अंगावर राहतं. भांड्यांच्या साबणानं गवा घासून धुवा, मग वर पाणी शिंपडून बघा. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर मेण अजून आहे, परत धुवा. पाणी पसरलं की २२० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावूनच, घासून चकाकी घालवायची. कोरडं घासू नका. फायबरची धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जायची ती निराळीच. हे रविवारी करा, तोंडाला मास्क लावून, एकही पोर आवारात नसताना. मग गाड्या रंगवणाऱ्याकडून एपॉक्सी प्रायमरचा एक हात मारून घ्या. तो वाळला की बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा इमल्शन. तुमच्या गव्याचं अंग साधारण ५०-६० चौरस फूट भरेल, तेव्हा तळाच्या रंगाला एक लिटर पुरतो. वरचे रंग पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (छटा देणारा दाट रंग) घालून करा, पण गडद रंग मात्र तयार घ्या. पांढऱ्यात कितीही काळा ओतला तरी रात्र होत नाही, राखाडी होते.

मुलगी चौथीत आहे. शाळेनं हत्ती आणला, पालकांकडून पैसे घेतले आणि पेंटरला बोलावून रंगवून घेतला. मुलांनी फक्त हाताचे ठसे उमटवले. मी विचारलं तर 'परदेशात असंच असतं' असं उत्तर मिळालं. खरंच असतं का? आणि ठसे ही कला झाली का?
— पालक, निपाणी

परदेशात असतं ते असं. १९९८ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये फायबरच्या गाई रस्तोरस्ती उभ्या राहिल्या. पास्कल क्नाप या शिल्पकारानं गाईचे साचे केले : उभी, चरणारी, बसलेली. साचा तोच, पण प्रत्येक गाय वेगळ्या माणसानं रंगवायची, ही त्यातली गंमत. पुढच्या वर्षी अमेरिकेत शिकागोनं तेच केलं, तिथं तीनशेहून जास्त गाई होत्या, आणि पुढं लिलावातून दानधर्माला पैसा उभा राहिला. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये हत्ती आले. ती कल्पना सुचली थायलंडमधल्या मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लावरून. तिचा पाय भूसुरुंगावर पडून गेला होता, तिला कृत्रिम पाय बसवला. २०१८ मध्ये मुंबईतही असे हत्ती उभे होते.

हे मोठे पुतळे चित्रकार मंडळी रंगवतात, हे खरंच. पण इंग्लंडमध्ये अशा उपक्रमांत शाळांसाठी त्याच प्राण्याची लहान शिल्पं वेगळी देतात. ती मुलं रंगवतात, शहरात मांडतात आणि प्रदर्शन संपलं की शिल्प शाळेत परत येतं. तुमच्या शाळेनं पेंटरचा हत्ती नि मुलांचा हत्ती एकातच उरकला, तिथं घोळ झाला.

ठशांचं म्हणाल तर बालवाडीत ठीक आहे. चौथीतल्या मुलीला ब्रश धरता येतो, तिला स्वतःचं मत असतं, रंग चुकला तर पुसून परत लावायची खुमखुमीही असते. तिच्याकडून पंजा घेणं म्हणजे निरक्षराचा अंगठा घेण्यातला प्रकार. शाळेशी भांडू नका, पुढच्या वर्षी पालकसभेत एवढंच विचारा की पेंटरच्या मजुरीत लहान लहान किती हत्ती आले असते.

आमच्या एकाच आवारात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. दोघांनी मिळून बैल रंगवायचा ठरलाय. डावी बाजू मराठी, उजवी कन्नड अशी वाटणी सगळ्यांना मान्य आहे. बैलाशेजारच्या पाटीवर मात्र एकमत होईना.
— शिक्षक, बेळगाव तालुका

सगळ्यांना मान्य आहे म्हणूनच ही वाटणी नको. दोन बाजू दिल्यात की दोन बैल होतील. एकमेकांकडे पाठ करून रंगवतील, आणि मग कुठली बाजू रस्त्याकडे ठेवायची यावरून मोठी माणसं बोलायला लागतील. आपल्याकडे कशावरून बोलणं वाढेल याचा नेम नाही, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अवयवांवर वाटा. शिंगं नि पाय एका वर्गाला, झूल दुसऱ्याला, मान नि वशिंड तिसऱ्याला, आणि प्रत्येक गटात दोन्ही माध्यमांची मुलं. झुलीची नक्षी पाठीवरून दोन्ही अंगांना उतरते, ती मधून तोडता येत नाही. पलीकडच्या मुलाला विचारल्याशिवाय अलीकडचा काठ पुरा होत नाही. 'लाल दे, काठ धर, थांब सांडेल' एवढंच बोलायचं असतं आणि ते पोरं कुठल्याही भाषेत निभावतात. ज्येष्ठ पौर्णिमेला, बेंदराला, दोघांच्याही घरचे बैल न्हातात, कर (बैलांनी तोडायचं आडवं बांधलेलं तोरण) तोडायला तीच गल्ली लोटते. झुलीला काय शोभतं यावर फार वाद होणार नाही.

पाटी दोन्ही लिप्यांत, एकाच आकाराच्या अक्षरांत, मुलांच्याच हस्ताक्षरात. वर काय नि खाली काय म्हणून अडलं असेल तर दोन पाट्या करून आजूबाजूला ठेवा आणि विषय संपवा. बैलाच्या अंगावर अक्षर नको, कुठल्याच भाषेतलं.

फायबरचा प्राणी आम्हाला परवडणार नाही. हजार-दीड हजारात मोठा हत्ती शाळेतच करता येईल का?
— मुख्याध्यापक, चंदगड रस्त्यावरचं एक गाव

येईल, आणि मला विचाराल तर हाच खरा. फक्त पावसाळ्यात नको. दसऱ्यानंतर हात घाला. तुमच्याकडच्या पावसात खळ दुसऱ्या दिवशी आंबते.

सगळ्यात आधी खोलीच्या दाराची रुंदी मोजा, नाहीतर व्हरांड्यातच करा.

आत सांगाड्याला दोन मोडके बाक घ्या. एकमेकांना बांधले की आठ पाय मिळतात आणि पोरं टेकली तरी हत्ती कलंडत नाही. त्यावर बांबूच्या कामट्यांचा पिंजरा, सुतळीनं आवळून. कामट्या बुरूडाकडून सोलून आणा, कुसं काढून द्यायला सांगा. चित्ररथाची कामं करणारी पोरं बेळगावात गल्लीगल्लीत आहेत, त्यातल्या एखाद्याला बोलावून गोलाई कशी बांधायची तेवढं बघून घ्या. पण त्याच्या हातात काम देऊ नका. तो संध्याकाळपर्यंत हत्ती उभा करून जाईल आणि मुलं टाळ्या वाजवत बसतील. पिंजऱ्यावर कोंबड्यांची जाळी लावायची पद्धत आहे, तिच्या तारा हाताला लागतात. मी गोणपाट सुचवीन.

त्यावर कागद. रद्दीच्या पट्ट्या कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडलेली कड पातळ होते आणि खालच्या कागदात जिरते, कापलेली कड रंगाखालून दिसत राहते. आपल्या भागाचा एक फायदा इथं उपटा : पहिला थर मराठी पेपरचा, दुसरा कन्नड पेपरचा, तिसरा परत मराठी. कन्नड अक्षरं दिसेनाशी झाली की तिसरा थर सगळीकडे पोचला. नाहीतर मुलं पोटावर पाच थर चढवतात आणि कानामागं एकच. दोन थर झाले की कडकडीत ऊन द्यायचं, मगच पुढचे. आत ओल राहिली की बुरशी. सहा ते आठ थरांनंतर बोटानं वाजवून बघा, टणक आवाज आला पाहिजे.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायची, पारदर्शक झाली की उतरायची. गार झाल्यावर वाटीभर फेविकॉल. जुने लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, मुलांच्या हातात नको. नुसत्या खळीचा हत्ती रात्री व्हरांड्यात उघडा राहिला तर गुरं येऊन पाय चाटतात, म्हणून फेविकॉल आणि म्हणूनच जमिनीपासून वीतभर वरून कागद सुरू करायचा.

शेवटी खडूची पूड, फेविकॉल आणि पाणी डोशाच्या पिठाइतकं दाट कालवून दोन हात मारा. वाळल्यावर काचकागदानं घासलं की गुळगुळीत पांढरा हत्ती तयार. यावर पोस्टर कलर चालतात, कारण हा हत्ती घरातलाच, त्याला पाऊस दाखवायचा नाही. कान सुपाचे करा. दुसरं काहीही लावलंत तरी शेवटी मुलं सूपच आणून देतात.

आणखी एक. मोठा पुतळा करण्याआधी प्रत्येक मुलाकडून मातीचा मुठीएवढा हत्ती करून घ्या. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली आहे, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही खानापुरातच आहे. तिथं सहल न्या. हत्तीचं डोकं मानेला कसं जोडलेलं असतं ते माती हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

मी आठवीत आहे. वर्गात सगळे वाघ आणि हत्ती म्हणतात. मला भीमगडचं वटवाघूळ मोठं करून रंगवायचं आहे. सर म्हणाले, वटवाघूळ अशुभ, शिवाय मोठा प्राणी नाही. काय करू?
— विद्यार्थिनी, खानापूर

तू वटवाघूळच कर.

सरांना सांग की आपल्या तालुक्यातल्या बारापेडे गुहांतलं हे वटवाघूळ जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना माहीत आहे. १९१३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि पुढं कितीतरी वर्षं ते जगात फक्त इथंच सापडतं असं समजत होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. इंग्रजीतलं त्याचं नाव राउटन नावाच्या माणसावरून पडलंय. २०११ मध्ये भीमगडला अभयारण्य जाहीर झालं, त्या जंगलातलं हे सगळ्यात खास जनावर. वाघ काय, सगळ्यांच्याच शाळेत असतो.

मुळात लहान असलेली गोष्ट मोठी करण्यातच मजा आहे. हत्ती पाच फुटांचा केला तर तो खऱ्यापेक्षा लहानच. वटवाघूळ पाच फुटांचं केलंस तर लोक थांबून बघतील. याचे कान मोठे, पुढं झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात, ते आधी नीट काढ. शेपटीचा शेवटचा भाग पंखाच्या पडद्यातून सुटून मोकळा राहतो, तोही दाखव. पंखांना छत्रीच्या काड्या आणि जुनं सुती लुगडं. उभं करू नकोस, व्हरांड्याच्या वाशाला उलटं टांग. दोरी मात्र सरांकडूनच बांधून घे. एकदा दोरी बांधली की सरही तुझ्या बाजूचे होतील.

गेल्या वर्षी रंगवलेल्या फायबरच्या मोराचे पावसात पोपडे निघाले. रंग ऑइलपेंट होता, चांगला महागातला. आता काय करावं?
— शाळा सुधारणा समितीचे सदस्य, बेळगाव

रंग महाग होता, पण खाली प्रायमर नव्हता असं दिसतंय. चकचकीत फायबरवर थेट ऑइलपेंट मारला की तो धरत नाही, नुसता बसतो. पोपडे खरवडा, धुवा, घासा आणि वर पहिल्या उत्तरात सांगितलंय त्या क्रमानं परत करा. अर्धवट निघालेल्या रंगावर नवा रंग चढवू नका, दोन्ही मिळून निघतील. खरवडायचं काम मोठ्यांनी, ओलं करूनच. जुना रंग कसला होता ते डब्यावर बघा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कारखान्यांसाठीचे रंग त्यात येत नाहीत. म्हणून गॅरेजमधला उरलेला डबा कुणी फुकट देत असला तरी मुलांच्या हातात नको.

सगळ्यात वर बाहेरचं पारदर्शक वॉर्निश, दोन हात. पाण्यातलं अॅक्रिलिक मिळालं तर उत्तम. दोन डबे मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश जास्त टिकतं, पण ते पेंटरनं मास्क लावून, सुट्टीच्या दिवशी. मोर उघड्यावर असेल तर पाऊस संपल्यावर दरवर्षी एक हात. पायाखाली सिमेंटचा चौथरा करा आणि त्याला उतार द्या. मोराच्या पायात पाणी साचत असेल तर वरून कितीही वॉर्निश लावा, खालून सुटणार.

पुढच्या अंकासाठीचे प्रश्न महिन्याच्या आत पाठवा. सोबत फोटो जोडणार असाल तर प्राण्याचा जोडा. फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे बरेच आले आहेत.